बिटएक्स ४० : पाठीवरच्या पिशवीतल्या ट्रान्सीव्हरची निगा, दुरुस्ती आणि फेरफार

हैदराबादचे हौशी रेडिओचालक अश्हर फरहान (परवान्यावरचे ओळखचिन्ह व्हीयू२ईएसई) यांनी या शतकाच्या सुरुवातीला बिटएक्स हा ट्रान्सीव्हर (ग्रहण आणि प्रक्षेपण दोन्ही करणारा रेडिओ संच) आखला, तेव्हा भारतातल्या कोणत्याही शहरात सहज मिळतील अशाच सुट्या भागांवर तो उभा राहावा हा त्यांचा आग्रह होता. मूळ आराखड्यात ऑसिलेटरची कॉइल नळाच्या प्लास्टिक वॉशरवर गुंडाळायला सांगितली होती, यावरून त्या आग्रहाची कल्पना येईल. पुढे २०१६ मध्ये याच आराखड्याचा ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) पट्ट्यासाठीचा तयार, तपासलेला सर्किट बोर्ड बिटएक्स ४० या नावाने मिळू लागला आणि अनेक हॅम (हौशी रेडिओचालक) मंडळींनी तो आपापल्या डब्यात बसवून डोंगरमाथ्यावर नेला. मीही त्यांतलाच एक. माझा संच सात पावसाळे काढून अजून चालू आहे आणि या काळात तो तीनदा पूर्ण मुका झाला, एकदा अर्धा मुका झाला. पुढचे विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे. ज्यांच्याकडे हा संच आहे आणि ज्यांना मल्टीमीटर धरता येतो व डाग (सोल्डर) स्वच्छ देता येतो, त्यांच्यासाठी ते लिहिले आहे.

आधी या संचाची रचना डोळ्यांसमोर आणावी, कारण दुरुस्तीची सगळी युक्ती त्या रचनेतच आहे. ग्रहण करताना अँटेनाकडून आलेला संदेश लो-पास आणि बँड-पास फिल्टरमधून मिक्सरकडे जातो, तिथे व्हीएफओशी (वारंवारिता बदलता येणाऱ्या ऑसिलेटरशी) मिसळून १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टल फिल्टरमधून गाळला जातो, दुसऱ्या मिक्सरमध्ये बीएफओशी (स्थिर वारंवारितेच्या ऑसिलेटरशी) मिसळून त्याचा आवाज बनतो आणि तो आवाज छोट्या ऑडिओ अँप्लिफायरमार्फत स्पीकरपर्यंत पोहोचतो. प्रक्षेपण करताना हाच रस्ता उलट्या दिशेने चालतो. मायक्रोफोनचा आवाज दुसऱ्या मिक्सरमध्ये शिरतो, त्याच क्रिस्टल फिल्टरमधून गाळला जातो, पहिल्या मिक्सरमधून बाहेर पडतो आणि शेवटी आयआरएफ ५१० या मॉसफेटवर (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर) पोहोचून सुमारे सात वॅट होऊन अँटेनाकडे निघतो. मधले अँप्लिफायर दोन्ही दिशांनी काम करतात. व्हीएफओ ४.८ ते ५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतो आणि १२ मधून तो वजा झाला की आपला ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळतो. व्हीएफओचे काम राडुइनो नावाचा छोटा बोर्ड करतो. त्यावर आर्डुइनो नॅनो, एसआय ५३५१ ही घड्याळ-चिप आणि दोन ओळींचा डिस्प्ले असतो.

संच चांगला असतानाच घ्यायची मापे

बहुतेक जण मल्टीमीटर बाहेर काढतात तो संच बंद पडल्यावर, आणि मग कोणताही आकडा वाचला तरी तो बरा की वाईट हे कळत नाही. म्हणून संच निरोगी असताना एका संध्याकाळी बसून त्याची मापे घ्यावीत, ती जाड कागदावर लिहावीत आणि तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. त्यासाठी डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टरचा भार, हवा. एक किलोओहमचे अर्ध्या वॅटचे २० कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि १० वॅटचा डमी लोड तयार होतो. वायरवाउंड रेझिस्टर मात्र घेऊ नयेत. आत तारेचे वेटोळे असल्यामुळे रेडिओ-कंपनांना ते रेझिस्टर वाटतच नाहीत. या लोडच्या गरम टोकाला एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा, शंभर व्होल्टचा कपॅसिटर जोडला की साध्या मल्टीमीटरने शिखर-व्होल्टेज मोजता येते. मीटरवर आलेल्या आकड्यात डायोडचे अर्धा-पाऊण व्होल्ट मिळवायचे, त्या बेरजेचा वर्ग करायचा आणि शंभराने भागायचे, की वॅट हातात येतात. उदाहरणार्थ, बेरीज साडेसव्वीस व्होल्ट आली तर सात वॅट. मायक्रोफोनजवळ एकाच पट्टीत शीळ घातली की आकडा स्थिर राहतो, बोलताना तो नाचतो.

कागदावर मी ज्या गोष्टी लिहितो त्या अशा : बॅटरीचे व्होल्टेज, आवाज कमी ठेवून ग्रहण करताना लागणारा विद्युतप्रवाह, पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबून गप्प राहिल्यावरचा प्रवाह, शीळ घालताना प्रवाह आणि वॅट, शिवाय मधल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरवरचे व्होल्टेज, ग्रहणाच्या आणि प्रक्षेपणाच्या अशा दोन्ही अवस्थांत. शेवटचे काम कंटाळवाणे आहे, परंतु त्याच कागदाने मला एकदा राजमाचीच्या पायथ्याशी विजेरीच्या उजेडात दहा मिनिटांत दोष सापडवून दिला. एका ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधला फरक ०.६५ व्होल्ट हवा होता, तो शून्य होता आणि त्याच्या शेजारच्या रेझिस्टरचे एक टोक पॅडवर नुसते टेकलेले होते.

दोष कोणत्या अर्ध्यात आहे?

मधले बहुतेक टप्पे ग्रहण आणि प्रक्षेपण दोघांनाही सामाईक असल्यामुळे पहिला प्रश्न असतो तो एवढाच की, काय चालते आहे आणि काय नाही. ऐकू येत असेल पण शक्ती बाहेर पडत नसेल, तर व्हीएफओ, बीएफओ, फिल्टर आणि मिक्सर यांच्याकडे पाहण्यात वेळ घालवू नये, कारण ते ठीक असल्याशिवाय ऐकूच आले नसते. अशा वेळी मायक्रोफोन, त्याचा छोटा अँप्लिफायर, ड्रायव्हर (आयआरएफ ५१० च्या आधीचा टप्पा), आयआरएफ ५१० आणि अँटेनाचा रिले एवढ्यांत आधी शोधावे. शक्ती बाहेर पडते आणि ऐकू येत नाही, असे असेल तर ऑडिओ अँप्लिफायर, व्हॉल्यूम पॉट, स्पीकरची तार आणि रिलेचे संपर्क यांतला कोणी तरी बहुधा गुन्हेगार असतो. दोन्ही बंद असतील, तरच सामाईक भागात शिरावे, आणि तिथेही सर्वांत आधी बॅटरी व फ्यूज पाहावेत. हे वाक्य लिहिताना मला थोडी लाज वाटते, कारण माझ्या तीन पूर्ण मौनांपैकी एक फ्यूजचेच होते आणि ते ओळखायला मला दोन तास लागले होते.

ऑडिओचा भाग तपासायला यंत्र लागत नाही. आवाज अर्ध्यावर ठेवून व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने स्पर्श केला की स्पीकरमधून स्पष्ट खरखर किंवा टकटक यायला हवी. ती आली, तर तिथून स्पीकरपर्यंत सगळे ठीक आहे आणि दोष त्याच्या आधीच्या टप्प्यांत आहे. ती आली नाही, तर प्रथम ऑडिओ आयसीला पुरवठा मिळतो आहे का ते पाहावे. एलएम ३८६ ही आयसी बसवलेली असेल तर तिच्या पाठीवरची पूर्ण खूण वाचावी. या आयसीच्या साध्या प्रकाराची शिफारस १२ व्होल्टपर्यंतचीच आहे आणि १५ व्होल्ट ही तिची परम मर्यादा आहे, तर शेवटी ४ हा आकडा असलेला प्रकार १८ व्होल्टपर्यंत बिनधास्त चालतो. गाडीच्या बॅटरीवर इंजिन चालू ठेवून संच वापरणाऱ्यांची ही आयसी वारंवार जाते, ती याच कारणाने.

व्हीएफओ आणि बीएफओ जिवंत आहेत का, हे पाहायला ऑसिलोस्कोपची गरज नाही. घरातला जुना शॉर्टवेव्ह रेडिओ पुरतो. त्याचा टेलिस्कोपिक अँटेना उघड्या बोर्डापासून वीतभर अंतरावर धरावा आणि ४.९ मेगाहर्ट्झच्या आसपास काटा फिरवावा. व्हीएफओ चालू असेल तर एका ठिकाणी रेडिओची सूं-सूं एकदम दबते, जणू कोणी तरी तोंडावर हात ठेवला. राडुइनोची गुंडी फिरवली की ती दबलेली जागाही सरकते, आणि डिस्प्लेवरचा आकडा वाढवल्यावर ती खाली सरकते, कारण वर सांगितल्याप्रमाणे इथे वजाबाकी आहे. तशीच शांत जागा १२ मेगाहर्ट्झजवळ सापडली पाहिजे. ती बीएफओची. व्हीएफओ सापडला नाही आणि डिस्प्ले मात्र आकडे दाखवतो आहे, तर राडुइनो आणि मुख्य बोर्ड यांमधल्या तारांचे जोड हलवून पाहावेत. प्रवासात सर्वांत आधी सैल होतात ते हेच जोड.

प्रक्षेपणात आवाजच जात नसेल, तर मायक्रोफोनच्या दोन टोकांवर डीसी व्होल्टेज मोजावे. इलेक्ट्रेट मायक्रोफोनला काम करायला एखाद-दोन व्होल्ट लागतात. ते शून्य असेल, तर तार तुटली आहे किंवा टोके कुठे तरी एकमेकांना चिकटली आहेत. पुरवठ्याइतके पूर्ण व्होल्टेज दिसत असेल, तर प्रवाह वाहतच नाही, म्हणजे कॅप्सूल (मायक्रोफोनची छोटी डबी) आतून तुटले आहे. कॅप्सूल उलटे जोडलेले नाही ना, हेही पाहावे. कॅप्सूलच्या ज्या टोकाला धातूच्या कवचाची बारीक पट्टी जोडलेली दिसते, ते टोक जमिनीचे, हे लक्षात ठेवले की चूक होत नाही. बोलताना आवाज फाटतो आणि प्रत्येक शब्दाबरोबर किरर्र ऐकू येते अशी समोरच्याची तक्रार असेल, तर बहुधा प्रक्षेपणाची शक्ती मायक्रोफोनच्या तारेतून परत आत शिरत असते. कॅप्सूलच्या दोन टोकांवरच ०.००१ मायक्रोफॅरडचा डिस्क कपॅसिटर डाग देऊन बसवावा. डब्याजवळ बसवून उपयोग होत नाही.

आयआरएफ ५१० बदलणे

या संचात सर्वाधिक मरणारा भाग हाच आहे, म्हणून त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आयआरएफ ५१० हा मुळात वीजपुरवठ्यांमध्ये चालू-बंद करण्यासाठी बनवलेला, १०० व्होल्ट आणि ५.६ अँपिअर क्षमतेचा मॉसफेट आहे. तो रेडिओसाठी बनवलेला नाही, परंतु स्वस्त आहे आणि त्याचे गेट-कपॅसिटन्स कमी, म्हणजे सुमारे १८० पिकोफॅरड असल्यामुळे ७ मेगाहर्ट्झवर तो बऱ्यापैकी चालतो. दुकानदार त्याच्या जागी आयआरएफ ५२० किंवा ५३० पुढे करतो आणि "साहेब, हा जास्त ताकदीचा आहे" असे सांगतो. तो घेऊ नये. ५२० चे गेट-कपॅसिटन्स सुमारे दुप्पट आणि ५३० चे त्याहूनही बरेच जास्त असल्याने बिटएक्सचा छोटा ड्रायव्हर त्यांना हलवू शकत नाही आणि शक्ती वाढण्याऐवजी घटते. नकली माल हा दुसरा त्रास आहे. मी एकदा एकदम पाच नग घेतले. त्यांतल्या दोघांची छपाई नखाने खरवडताच निघून आली आणि ते बायस (गेटवरचे स्थिर व्होल्टेज) देताच तापून गेले. तेव्हापासून मी आधी एकच नग घेतो, तो वापरून पाहतो आणि मगच बाकीचे घेतो.

मेलेला मॉसफेट ओळखण्यासाठी पुरवठा काढून मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता डावीकडून गेट, ड्रेन आणि सोर्स असे तीन पाय येतात. पाठीची पत्रीही ड्रेनलाच जोडलेली असते. लाल टोक सोर्सवर आणि काळे ड्रेनवर ठेवल्यास अर्धा व्होल्ट दिसतो, उलट ठेवल्यास काही दिसत नाही, आणि गेटपासून कोणत्याही पायाकडे वाट नसते. बोर्डावर बसलेल्या अवस्थेत इतर भागांमुळे हे आकडे फसवतात, म्हणून शंका असेल तर तो काढूनच तपासावा. ड्रेन आणि सोर्स दोन्ही दिशांनी शॉर्ट दिसले तर तो गेलेला आहे.

नवा बसवण्याची घाई मात्र करू नये. जुना मरताना गेट फुटले असेल, तर ड्रेनवरचे पूर्ण व्होल्टेज बायसच्या वाटेने उलटे शिरलेले असते आणि प्रीसेट (बायस जुळवण्याचा छोटा पॉट) किंवा त्याच्यामागचे भाग जखमी झालेले असू शकतात. म्हणून मॉसफेटची जागा रिकामी ठेवून संच चालू करावा, पीटीटी दाबावा आणि गेटच्या पॅडवर व्होल्टेज मोजत बायसचा प्रीसेट हळूहळू फिरवावा. व्होल्टेज एका टोकाला शून्याजवळ असले पाहिजे आणि तिथून ते सलग, उड्या न मारता वाढले पाहिजे. तसे होत असेल, तरच प्रीसेट पुन्हा शून्याच्या टोकाला नेऊन नवा मॉसफेट बसवावा. हे एक पाऊल गाळले की नवा भाग पहिल्याच सेकंदाला पूर्ण उघडतो, प्रचंड प्रवाह ओढतो आणि जुन्याच्या मागोमाग जातो.

हीटसिंकबाबतही जपावे. पत्री ड्रेनला जोडलेली असल्याने हीटसिंकवर पुरवठ्याचे व्होल्टेज असते. तो डब्याच्या भिंतीला टेकला की शॉर्ट होतो. डब्यालाच हीटसिंक बनवायचे असेल, तर मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा, दोन्ही बाजूंनी हीटसिंक पेस्ट आणि स्क्रूभोवती प्लास्टिकची बुशिंग हवी. बसवल्यावर पत्री आणि डबा यांच्यात वाट नाही, हे मल्टीमीटरने पाहून मगच पुढे जावे.

आता बायस. बिटएक्स ४० मध्ये शेवटच्या टप्प्याचा पुरवठा वेगळ्या टोकाने येतो, ही मोठी सोय आहे. त्या तारेत अँमीटर घालावा, अँटेनाच्या जागी डमी लोड लावावा, मायक्रोफोन काढून ठेवावा आणि पीटीटी दाबावा. प्रीसेट फिरवताना बराच वेळ काहीच होत नाही, मग काटा एकदम जागा होतो, म्हणून हात अगदी हलका असावा. १०० मिलिअँपिअरवर थांबावे, अर्धा मिनिट वाट पाहावी आणि हीटसिंक तापल्यावर प्रवाह वाढला तर तो पुन्हा शंभरावर आणावा. काही जण अधिक शक्तीच्या आशेने बायस वाढवत नेतात. त्याने शक्ती फारशी वाढत नाही, उष्णता मात्र वाढते. यानंतर मायक्रोफोन लावून शीळ घालावी. १२ व्होल्टवर सात वॅट मिळत असतील, तर कार्यक्षमता ५० टक्के धरून शेवटचा टप्पा साधारण सव्वा अँपिअर घेताना दिसेल.

मॉसफेट का मरतो, याचे उत्तर बहुतेक वेळा अँटेनाच्या बाजूला असते. डायपोलची (दोन भुजांच्या तारेच्या अँटेनाची) एक भुजा तुटली किंवा बीएनसीत (अँटेनाच्या कनेक्टरमध्ये) पाणी शिरले की बाहेर न गेलेली शक्ती परत येते आणि ड्रेनवर व्होल्टेजचे उंच सुळके उठतात. ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल सुमारे २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर लागतो. एवढी तार दोन झाडांमध्ये ताणताना मधल्या जोडावर ताण येतोच, म्हणून तो ताण डागावर न येता दोरीच्या गाठीवर यावा अशी बांधणी करावी. पीटीटी दाबण्यापूर्वी ऐकण्याची सवयही उपयोगी पडते. अँटेना लावताच पट्ट्यावरचा गोंगाट स्पष्ट वाढला नाही, तर बोलू नये.

बॅटरी आणि उलटी जोडणी

सात अँपिअर-तासांची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन किलोहून जड असते. घरी ठीक, गडावर नको. १८६५० आकाराच्या तीन लिथियम सेलचा जोड हलका असतो, पण तो १२.६ व्होल्टपासून नऊ व्होल्टपर्यंत उतरतो आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटत असल्याने शेवटी सातचे चारच वॅट उरतात. चार सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट जोड मला सर्वांत समाधानकारक वाटतो, कारण बहुतेक वेळ तो तेरा व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. नुकता चार्ज झालेला असताना मात्र तो १४.६ व्होल्टपर्यंत जातो, हे वर सांगितलेल्या ऑडिओ आयसीसाठी लक्षात ठेवावे. कोणताही जोड घेतला तरी बीएमएस (सेलचे रक्षण करणारे सर्किट) असलेलाच घ्यावा आणि बॅटरीच्या धन टोकापासून चार बोटांच्या आत दोन अँपिअरचा फ्यूज घालावा.

अंधारात बॅटरी उलटी जोडली जाते. एकदा तरी जातेच. त्यावर मालिकेत शॉटकी डायोड घालणे सर्वांत सोपे आहे, परंतु त्यात अर्धा व्होल्ट कायमचा जातो. माझी पसंती आयआरएफ ९५४० या पी-चॅनेल मॉसफेटला आहे. बॅटरीचे धन टोक ड्रेनला, संचाचे धन टोक सोर्सला आणि गेट १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून जमिनीला जोडायचे. बॅटरी सुलटी असेल तर तो उघडतो आणि सव्वा अँपिअरला जेमतेम पाव व्होल्ट खातो. उलटी असेल तर वाटच बंद करतो. ड्रेन आणि सोर्स ऐन वेळी उलटे जोडले, तर संरक्षण काहीही मिळत नाही आणि संच मात्र व्यवस्थित चालतो, त्यामुळे चूक कळतच नाही. म्हणून संच जोडण्यापूर्वी बॅटरी मुद्दाम उलटी लावून बाहेर काही व्होल्टेज येत नाही, हे पाहून घ्यावे.

करण्याजोगे आणि न करण्याजोगे फेरफार

फेरफारांची हौस या संचाच्या मालकाला असतेच, नाही तर त्याने तयार जपानी संच घेतला असता. तरीही एका वेळी एकच फेरफार करावा, तो केल्यावर कागदावरची सर्व मापे पुन्हा घ्यावीत आणि मगच दुसऱ्याला हात घालावा.

माझ्या मते सर्वांत मोलाचा फेरफार अगदी फुटकळ दिसतो. या संचात एजीसी (आवाज आपोआप सावरणारी सोय) नाही, म्हणजे दुबळ्या केंद्राला कान लावून बसलेले असताना शेजारच्या गावातला कोणी बोलला की हेडफोनमध्ये स्फोट होतो. पूर्ण एजीसी बांधता येते, परंतु हेडफोनच्या वाटेत ३३ ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर हेडफोनच्या दोन टोकांवर एकमेकांना उलटे असे दोन १एन४१४८ डायोड लावले, तरी आवाजाचे शिखर सहा-सात दशांश व्होल्टवर कापले जाते आणि कान वाचतात. मोठा आवाज फाटका ऐकू येतो, एवढाच तोटा.

दुसरा फेरफार राडुइनोच्या ७८०५ रेग्युलेटरचा. डिस्प्लेच्या प्रकाशासह हा बोर्ड दीडशे मिलिअँपिअर घेतो असे धरले, तर १२ व्होल्टवर रेग्युलेटरमध्ये एक वॅटहून अधिक उष्णता उठते आणि मोकळ्या हवेतला तो भाग हात लावू देत नाही. बंद डब्यात ही उष्णता शेजारच्या ऑसिलेटरला पोहोचते आणि वारंवारिता हळूहळू सरकते. ७८०५ डब्याच्या भिंतीला स्क्रूने घट्ट बसवावा. त्याची पत्री जमिनीला जोडलेली असते, म्हणून इथे अभ्रक लागत नाही. शिवाय त्याच्या आधी दहा ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर घालावा. याहून मोठा रेझिस्टर घातला, तर नऊ व्होल्टवर उतरलेल्या लिथियम जोडावर रेग्युलेटरला लागणारे किमान सात व्होल्ट पोहोचणार नाहीत. रेग्युलेटरच्या जागी स्वस्त बक कन्व्हर्टर (वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज उतरवणारे सर्किट) बसवण्याचा मोह टाळावा. तो गार राहतो हे खरे, पण त्याची करकर सबंध पट्ट्यावर पसरते.

डबा धातूचाच असावा, म्हणजे डिस्प्ले आणि आर्डुइनो यांची डिजिटल कुरकुर आत कोंडली जाते. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा मी वापरून पाहिला आहे. झाकण सुरेख बसते, पण भोके पाडताना ड्रिलची दोन पाती गेली आणि घरात बोलणी बसली ती वेगळी. अ‍ॅल्युमिनियमचा डबा घ्यावा. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत शोधल्यास मिळतो.

शेवटच्या टप्प्याला वेगळा २४ व्होल्टचा पुरवठा देऊन वीसेक वॅट काढता येतात, ही सोय आराखड्यातच आहे. घरी मोठा हीटसिंक लावून ती जरूर वापरावी. पाठीवर न्यायच्या संचात मला ती व्यर्थ वाटते. सातचे वीस वॅट झाले तरी वाढ साडेचार डेसिबलची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मीटरवर एक एस-युनिटही (संदेशाचा जोर मोजण्याचा एक टप्पा) पूर्ण नाही, आणि त्यासाठी दुसरी बॅटरी वाहायची. तेवढ्या श्रमात डायपोल आणखी तीन मीटर उंच बांधला तर फरक अधिक पडू शकतो. राडुइनोचा प्रोग्रॅम बदलून संच पट्ट्याबाहेर बोलायला लावण्याचा फेरफार मात्र करूच नये. आपला हौशी परवाना या पट्ट्यात ७ ते ७.२ मेगाहर्ट्झपुरता बोलण्याची मुभा देतो आणि त्याच्या वरच्या वारंवारितांवर प्रसारण केंद्रे असतात. उलट, प्रोग्रॅममध्येच दोन्ही टोकांना कुंपण घालावे, म्हणजे थंडीत बधिर झालेल्या बोटांनी गुंडी फार फिरली तरी चूक होणार नाही. संचाबरोबर परवान्याची प्रतही पिशवीत ठेवावी. गडावर वीस मीटर तार ताणून बसलेल्या माणसाला प्रश्न विचारले जातातच.

पावसाळा

कोकणातली आणि घाटमाथ्यावरची दमट हवा या संचाची खरी शत्रू आहे. पावसात संच ओला झालाच, तर आधी बॅटरी काढावी, डबा उघडावा, बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने फिरवावे आणि दोन दिवस पंख्याखाली ठेवावा. हेअर ड्रायरने कॉइलवरचे मेण आणि प्लास्टिकची कनेक्टर वितळतात, हे मी करून पाहिलेले आहे. गंज सोडवण्यासाठी विकले जाणारे तेलकट फवारे बोर्डावर मारू नयेत, त्यांचा चिकट थर धूळ धरून ठेवतो. खरखरणाऱ्या व्हॉल्यूम पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून तो वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. त्यानेही भागले नाही तर पॉट बदलावा. अँटेनाच्या कोॲक्स केबलचे उघडे टोक स्व-चिकट रबरी टेपने बंद करावे, कारण एकदा जाळीत पाणी शिरले की ते केशाकर्षणाने मीटर-मीटर आत जाते आणि आतले तांबे काळे पडते. अशी केबल कापून तिचे टोक सोलून पाहावे आणि चकचकीत तांबे लागेपर्यंत कापत राहावे. माझी दहा मीटरची केबल या हिशेबाने एका जुलैत सहा मीटरची झाली.

मोसम संपेपर्यंत संच घरीच राहणार असेल, तर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा आणि लिथियम बॅटरी अर्धी भरलेली, संचापासून वेगळी ठेवावी. पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून अर्धा तास ग्रहणावर चालवावा, रिले चार-पाच वेळा टकटकवावा आणि डबा बंद करण्यापूर्वी आत एकदा उजेड पाडून पाहावे. मागच्या वर्षी माझ्या संचाच्या बीएनसीच्या मागे मुंग्यांनी संसार थाटला होता.